पेडल खाली जातं तेव्हा



काही वर्षांपूर्वी मी महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरत होतो. गाडी चौथ्या गिअरमध्ये, पाय सारखा ब्रेकवर. निम्म्या घाटात जळकट वास आला. पुढच्या ट्रकचा असेल, असं समजून मी तसाच निघालो. दोन वळणं गेली आणि ब्रेकचं पेडल ओल्या स्पंजासारखं खाली गेलं. गाडी आवरेना. शेजारी मामा होते. ते एवढंच म्हणाले, “घाबरू नकोस. गिअर उतरव.” तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन गुरगुरलं, पण वेग मोडला.

त्या दिवशी काही तुटलं नव्हतं. ब्रेक तापले होते. पॅड आणि डिस्कची धग ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट 4 प्रकारचं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर मात्र हीच मर्यादा 155 अंशांवर धरतात. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यातच जिरतो.

अशी वेळ आली तर काय करायचं? पाय उचलून पेडल भराभर, जोरात मारा. पुष्कळदा थोडा दाब परत मिळतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणा. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड वापरा. मग हँडब्रेक. त्याचं बटण दाबून धरा आणि हळूहळू ओढा. एकदम खेचलात तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू ठेवा. तरीही थांबली नाही, तर दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूला, चढावर किंवा खडीत गाडी घाला. तेही नसेल तर कठड्याला घासत न्या.

आणि चावी फिरवून इंजिन मुळीच बंद करू नका. स्टिअरिंग जड होतं, ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा लांब उतार आठवा. तिथे नोव्हेंबर 2022 मध्ये एकाच अपघातात अनेक गाड्यांचं नुकसान झालं. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो.

जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला. आणि जळका वास आला, तर तो आपल्याच गाडीचा समजून थांबा. ब्रेक निवू द्या. मी त्या दिवशी दोन वळणं आधी थांबायला हवं होतं.