तिसरं जाळं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी सोनपेठचा. आमच्या तालुक्यातून गोदावरी जाते, खडक्याला तिच्यावर बंधारा आहे. पण पलीकडचा काठ नजरेत मावत नाही, असं पाणी मी पहिल्यांदा पाहिलं ते माजलगावला, सिंदफणेवरच्या धरणात. माझी खाला तिथं राहायची. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. बी.ए.ची परीक्षा दिली होती, निकाल यायचा होता, हाताला काम नव्हतं. तो सगळा मे महिना मी धरणावर मासे धरणाऱ्या एका भोई कुटुंबाच्या मागं-मागं फिरण्यात घालवला. घरातल्या कर्त्या माणसाला सगळे तात्या म्हणत. मीही म्हणू लागलो. आज बोलायचं आहे ते त्या तात्यांविषयी आणि हंगाम संपता संपता होणाऱ्या मासेमारीविषयी.

धरणाच्या हिशेबात पाण्याचे दोन भाग असतात. वरचा उपयुक्त साठा आणि तळाचा मृतसाठा. माजलगावचा उपयुक्त साठा ३१२ दशलक्ष घनमीटर, मृतसाठा १४२. पैठणच्या नाथसागरात हेच आकडे २१७१ आणि ७३८ आहेत. कडक उन्हाळ्यात 'धरण मृतसाठ्यात' अशी बातमी आली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. भोयाचं मात्र उलटं. पाणी आटतं तसा वर्षभर पसरलेला मासा थोड्या जागेत गोळा होतो. एरवी रिकामं येणारं जाळं ओढताना हाताला जड लागतं. सरकारी कागदावर जे पाणी मृत, त्यातच त्याची वर्षाची कमाई जिवंत असते.

पण ही कमाई घाईची. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. पहिला पूर आला की वाहत्या पाण्याच्या उलट चढत जातात आणि तिथं अंडी सोडतात. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी मासेमारी थांबवायची असते. म्हणजे त्या आधीच्या पंधरा-वीस दिवसांत पुढच्या बंद महिन्यांचं धान्य, पोरांच्या वह्या-पुस्तकं आणि जाळ्यांची उधारी, सगळं काढायचं. आणि नेमके हेच दिवस वळवाचे.

वळीव कसा येतो, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. दुपारी वारा पडतो, अंगाची काहिली होते. तीन-चारच्या सुमारास क्षितिजावर ढगांचे डोंगर उभे राहतात. पावसाच्या आधी एक थंडगार झोत येतो. जमिनीवर त्या झोतानं पत्रे उडतात. पाण्यावर काय होतं, ते होडीत बसल्याशिवाय कळत नाही. उन्हाळ्यात पाणी उथळ झालेलं असतं. उथळ पाण्यातली लाट आखूड आणि उभी असते, एक जिरायच्या आत दुसरी येते. त्यात विजा. मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे होडीत बसलेला माणूस.

तात्या जाळी संध्याकाळी लावत आणि पहाटे काढत. दुपारी पाण्यात जायचं नाही, हा त्यांचा नियम. तो एकदाच मोडलेला मी पाहिला. बंदी दोन दिवसांवर आली होती, आणि व्यापाऱ्यानं संध्याकाळी माल उचलतो म्हणून निरोप धाडला होता. तीन जाळी पाण्यात होती. तिसरं नवंकोरं, त्याच व्यापाऱ्याकडून उधारीवर आणलेलं. दुपारी दोनला आम्ही निघालो. वल्हं तात्यांच्या हातात, मी होडीत शिरलेलं पाणी डब्यानं उपसायला.

दोन जाळी निघाली. होडीत रोहू, कटल्याचा ढीग लागला. तिसऱ्याचे तरंगते डबे समोर दिसत होते. एवढ्यात तात्यांनी वल्हं थांबवलं. वारा पूर्ण पडला होता. मावळतीला धुळीचा पिवळट पडदा उभा होता, मला तो दूर वाटला. तात्यांनी तोंडानं एक शब्द न काढता होडी वळवली.

मी म्हणालो, "तात्या, समोर तर दिसायलंय. दहा मिन्टं लागतील."

ते म्हणाले, "जाळं उधार मिळतंय, भैया."

मला राग आला. म्हातारा भ्यायला, असं वाटलं. तो राग पाच-सात मिनिटं टिकला. मग तो थंड झोत आला आणि काठ दिसेनासा झाला. तात्यांनी आमच्या काठाकडे जायचा हट्टच सोडला. लाटा आडव्या घेतल्या असत्या तर होडी उलटली असती. वाऱ्याच्या कलानं होडी सोडत त्यांनी ती पलीकडच्या चिखलात नेऊन रुतवली. मी उपसतच होतो. अल्लाचं नाव आणि आईचं नाव, दोन्ही एकाच दमात घेतलेलं आठवतं. अंधार पडल्यावर धरणाला वळसा घालून आम्ही चालत घरी आलो. बोललो काहीच नाही.

तिसरं जाळं दुसऱ्या दिवशी सापडलं. बुडालेल्या बाभळींच्या खुंटांना गुंडाळून चिंध्या झालेलं. उधारी मात्र शाबूत होती. त्या पावसाळ्यात तात्या रोजगार हमीच्या कामावर माती उचलायला गेले. माझ्या त्या दहा मिनिटांविषयी ते कधी बोलले नाहीत. मी पुढं त्यावर कविता लिहायचा प्रयत्न केला, ती जमली नाही.

हे सगळं पुन्हा वर आलं २०२४ साली. २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. महिना तोच, वारा तसाच. आणि हल्ली नक्षत्रांवरही विसंबता येत नाही. २०२३ मध्ये पाऊस मुंबईला पोचायला २५ जून उजाडला. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच हजर. हंगामाचा शेवट कधी, हे आता कॅलेंडर सांगू शकत नाही.

साधनं वाढली आहेत, हे खरं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देतं. कमरेला बांधलेला झाकणबंद रिकामा कॅनही जीव तगवतो, मग लाइफ जॅकेट तर हवंच. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत अपघाती मृत्यूला पाच लाखांचं विमासंरक्षण आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यातून जाळ्यासाठी व्यापाऱ्याऐवजी बँकेचं कर्ज मिळू लागलं, तर मोठीच गोष्ट होईल.

कारण श्रोतेहो, इशारा तर तात्यांनाही कळला होता, कुठलंही ॲप नसताना. प्रश्न कळण्याचा नसतो, माघारी फिरणं परवडण्याचा असतो. बुडालेल्याची नोंद होते. वेळेवर वळला, त्याचं जाळं गेलं, दिवस गेला, त्याची नोंद कुठं होते? ज्या माणसाच्या डोक्यावर जाळ्याची उधारी आहे, त्याला आभाळ नेहमी थोडं कमी काळं दिसतं.

तात्या आता नाहीत. त्यांचा मुलगा तिथंच मासे धरतो. मे उजाडला की दुपारी मी त्याला सोनपेठहून फोन लावतो. मागच्या खेपेला म्हणाला, "चाचा, काठावर हाय. वारं पडलं तसा माघारी आलो. दोन जाळी आत ऱ्हायली."

मी म्हणालो, "राहू दे."