लाकडी धनुष्याचा बाक: कुठे तासायचं आणि कुठे हात लावायचा नाही

आजचा एपिसोड धनुष्यावर आहे, पण नेमबाजीवर नाही. आज बोलूया ते बनवण्याबद्दल, आणि त्यातल्याही एकाच टप्प्याबद्दल. इंग्रजीत त्याला टिलरिंग म्हणतात. मी आपलं साधं 'बाक बसवणं' म्हणणार आहे.

टीव्हीवरच्या मालिका बघून आपल्याला वाटतं की धनुष्य म्हणजे वाकवून ठेवलेली काठी. तसं नसतं. एका अखंड लाकडातून काढलेलं धनुष्य दोरी उतरवली की जवळजवळ सरळ होतं, व्हायलाच हवं. बाक लाकडात कोरलेला नसतो. ओढल्यावर लाकूड कसं वाकेल, एवढंच कारागीर ठरवतो. आणि ते ठरवायचं एकच साधन त्याच्याकडे असतं: लाकूड कमी करणं. वाढवता येत नाही. सगळी गंमत आणि सगळी धास्ती इथेच आहे.

उदाहरण घेऊ इंग्लंडच्या लाँगबोचं. हे धनुष्य यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं. चांगलं यू इंग्लंडमध्ये पुरेसं मिळेना, म्हणून 1472 मध्ये कायदाच केला: परदेशातून माल आणणाऱ्या जहाजांनी दर टन मालामागे धनुष्याची चार लाकडं आणायची. कस्टम ड्यूटी म्हणून लाकूड, विचार करा! पुढे 1545 मध्ये आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' जहाज बुडालं, 1982 मध्ये ते वर काढलं, आणि आतून शंभराहून जास्त अख्खी धनुष्यं मिळाली. माणसापेक्षा उंच, साधारण दोन मीटरची. मोजमापांवरून अभ्यासकांनी त्यांची ताकद काढली, तर कित्येक 100 पौंडांच्या वर गेली. म्हणजे ती पूर्ण ओढायला 45 किलोहून जास्त जोर.

एवढा ताण लाकूड सहन कसं करतं? धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. बाण मारणाऱ्याकडे असतं ते पोट, समोर लक्ष्याकडे असते ती पाठ. ओढलं की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. यूमध्ये सालीखालचं फिकट लाकूड ताण छान झेलतं आणि आतला लालसर गाभा दाब झेलतो. म्हणून पाठीला सालीखालचं अखंड वलय ठेवतात. त्याचे तंतू मध्येच कापले गेले तर तिथून कपच्या उडतात. तासायचं ते पोटाकडून.

आता मुख्य काम. लाकूड नीट वाळलेलं आहे, ढोबळ आकार दिलेला आहे, मूठ मध्यावर आहे. पहिली चाचणी जमिनीवरच होते: एक टोक जमिनीवर टेकवायचं, मुठीवर जोर द्यायचा आणि बाहू वाकतोय का ते बघायचं. थोडा वाकायला लागला की टोकांना खाचा पाडून लांब, सैल दोरी लावायची आणि धनुष्य भिंतीवरच्या एका खुंटीवर आडवं ठेवायचं. दोरी खालच्या कप्पीतून घेऊन लांब उभं राहून ओढायची. लांब दोन कारणांनी. एक, तुटलं तर तुकडा तोंडावर येऊ नये. दुसरं, जवळून बाक दिसतच नाही.

काय बघायचं? दोन्ही बाहू सारखे येतायत का, आणि बाक सगळीकडे पसरलाय का. मेरी रोझच्या जातीच्या धनुष्यात मूठसुद्धा किंचित वाकते, सगळं मिळून एक लांबट कमान होते. त्यात कुठे सपाट पट्टा दिसला तर तिथे लाकूड जास्त आहे. कुठे कोपरासारखा मोड दिसला तर तिथे कमी आहे, त्याला आपण बिजागरी म्हणू.

आता इथे ऐका. बिजागरी दिसली की त्या जागेला हात लावायचा नाही. पेन्सिलने तिथे फुली मारायची. तासायचं फक्त जिथे वाकत नाही तिथे. म्हणजे दुबळी जागा दुबळीच राहते, बाकीचं धनुष्य तिच्या पातळीला आणायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण याची किंमत मोजावी लागते ताकदीत. 60 पौंडांचं करायला घेतलेलं धनुष्य बिजागरी मिटवता मिटवता 45 वर येतं. मग दोनच रस्ते: 45 चं धनुष्य स्वीकारा, नाहीतर बिजागरी तशीच ठेवून 60 चा हट्ट धरा. हट्ट धरला की सगळा ताण त्या चार बोटं जागेवर येतो. आधी पोटावर आडव्या, केसासारख्या बारीक चिरा पडतात, आणि मग एक दिवस फाटकन आवाज. माझं मत स्पष्ट आहे: आकडा सोडा, धनुष्य वाचवा.

हा आकडा एवढा पटकन का पडतो? लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. 20 मिलिमीटर जाडीतून एकच मिलिमीटर काढला तर त्या जागेचा ताठपणा साधारण 14 टक्क्यांनी जातो. दोन काढले तर 27 टक्के! रुंदीचं तसं नाही. रुंदी 5 टक्के कमी केली तर ताठपणाही 5 टक्केच जातो. म्हणून शेवटी शेवटी कानस बाजूला ठेवून नुसतं पात्याने खरवडतात, पातळ सालपटं निघतील इतकंच.

आणि घाई नाही. खरवडल्यावर बदल लगेच दिसत नाही. वीस-तीस वेळा अर्धवट ओढून सोडायचं, सावकाश, मग बघायचं. त्यातही ठरवलेल्या ताकदीपेक्षा जास्त जोर कधीच लावायचा नाही. 45 पौंडांचं करायचंय ना? मग काटा 45 वर आला की थांबा, दोरी कितीही कमी आली असली तरी. पुन्हा खरवडा, पुन्हा ओढा. नाहीतर लाकूड कायमचं वाकून बसतं आणि बाणाचा वेग जातो.

तुमच्या हातातला फोन इथे भारी कामाचा आहे. तो समोर पक्का ठेवा, ओढलेल्या धनुष्याचा फोटो काढा आणि एडिटिंगमध्ये डावं-उजवं उलटा करून बघा. डोळ्याला जो फरक सवयीने दिसेनासा झालेला असतो, तो उलट्या फोटोत ठसठशीत दिसतो.

हां, पण दोन्ही बाहू अगदी जुळे नकोत. बाण मुठीच्या वरून जातो, हाताचा दाब खाली पडतो. म्हणून खालचा बाहू किंचित ताठ ठेवतात. दोरी लावल्यावर बाहूपासून दोरीचं अंतर खाली तीन ते सहा मिलिमीटर कमी भरलं की पुरे. गाठ आली तर तिच्याभोवती थोडं लाकूड जास्त सोडायचं. तिथे उंचवटा दिसला तरी दिसू दे.

आपल्याकडे करायचं तर यू विसरा, हाताशी बांबू आहे. सातपुड्यातला तिरकमठा बांबूचाच असतो. बांबूचे बळकट तंतू बाहेरच्या हिरव्या सालीजवळ दाट असतात, म्हणून ती साल पाठीला ठेवायची आणि आतल्या बाजूने तासायचं. नियम तोच, ताठ जागा शोधा. फक्त कोकणात पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत लाकूड पाणी धरतं, मऊ पडतं आणि वाकून बसतं. फेब्रुवारी-मार्च बरे.

दोरी कशी वळायची, ते पुढच्या भागात. तोवर कुणाच्या घरी वाळलेला, गाठी कमी असलेला बांबू पडला असेल तर तो उभा चिरून सावलीत ठेवून द्या.