खत करणारा शेजारी व त्याची रानबाग

(परभणी जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही जणांना हसू येण्याचा संभव आहे, म्हणून तो आरंभीच सांगून टाकतो. बहुतेक प्रत्येक गावात किंवा वस्तीत एखादा गृहस्थ असा आढळतो की, जो आपला व शेजाऱ्यापाजाऱ्यांचा पालापाचोळा गोळा करतो, त्याचे खत करतो, आणि ज्याच्या परसात आखीवरेखीव वाफे नसून आपोआप वाढलेले एक लहानसे रानच उभे असते. कुणाला काढ्यासाठी गुळवेल हवी असली, आषाढात कुर्डूची वा करटुल्याची भाजी हवी असली, नव्या रोपासाठी टोपलीभर खत हवे असले, तर पावले त्याच्याच फाटकाकडे वळतात. मात्र गावात तपासणीचे पथक यावयाचे ठरले की पहिला आक्षेप निघतो तोही त्याच्याच कुंपणावर. हा गृहस्थ गावाचे भूषण आहे की अडचण, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, असे आपण म्हणत आलो. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याला खताचे ज्ञान असले पाहिजे. कारण उकिरड्यावर टाकलेल्या वस्तूचे काळी माती होण्यात शेवट होतो, हे त्याने पाहिले असल्यावाचून ही म्हण सुचणार नाही. आपल्या जिल्ह्याला तर हा विषय परका वाटण्याचे मुळीच कारण नाही. गंगाखेडच्या संत जनाबाई नामदेवांच्या घरी शेणगोठा, झाडलोट, दळणकांडण करीत राहिल्या, आणि त्यांच्या अभंगांत प्रत्यक्ष भगवंत त्यांनी झाडलेला केर भरावयास येतो. त्यांच्या गोवऱ्यांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. गोवऱ्या चोरीस गेल्या व भांडण जुंपले, तेव्हा ज्या गोवरीतून विठ्ठलनामाचा ध्वनी येईल ती जनीची, अशी ओळख पटविण्यात आली. कथेत हा प्रसंग पाहावयास कबीर येतात. कालगणना करणारे विद्वान येथे हसतील, पण तो भाग सोडून देऊ. ध्यानात घ्यावयाचे ते असे की, केर भरण्याचे व शेण कालविण्याचे काम हलके आहे, हे मत निदान या संतवाङ्मयाचे नाही. ते आपण पुढे कोठून तरी उचलले.

लोकांनी अशा एका माणसाची कदर कशी केली याचे मला ठाऊक असलेले सर्वांत मोठे उदाहरण आपल्यापासून फार दूरचे नाही. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे नारायण देवराव पांढरीपांडे या नावाचे गांधीविचाराचे एक कार्यकर्ते होते. थोड्या शेणात पुष्कळ खत कसे करता येईल, या एकाच प्रश्नाच्या मागे ते लागले. शेणाचा तुटवडा ही लहान शेतकऱ्याची खरी अडचण होती व आजही आहे. या प्रयत्नातून जी पद्धत सिद्ध झाली तिला त्यांच्या नावातील पहिल्या अक्षरांवरून 'नाडेप' म्हणू लागले, आणि त्यांनाही लोक नाडेपकाकाच म्हणू लागले. (पुसदचा व परभणीचा आणखी एक धागा जाता जाता सांगतो. ज्यांचे नाव आपल्या कृषी विद्यापीठास २०१३ मध्ये देण्यात आले ते वसंतराव नाईकही पुसद तालुक्यातील गहुलीचेच.)

या पद्धतीचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची जी रीत बसविली, तीत ढीग ठराविक दिवसांनी वरखाली करावा लागतो. या प्रयोगांवरील १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड या त्यांच्या सहकाऱ्याचेही नाव आहे. ढीग उलथण्याला मनुष्यबळ लागते, आणि तेथेच शेतकरी कंटाळतो. नाडेपकाकांनी ढिगाऐवजी विटांची टाकी घेतली, आणि तिच्या नऊ इंची भिंतींत ठिकठिकाणी सात-सात इंचांची छिद्रे ठेवली. या छिद्रांतून हवा खेळते, म्हणून ढीग हलविण्याचे प्रयोजनच उरत नाही. टाकी १२ फूट लांब, ५ फूट रुंद व ३ फूट उंच असते; कोठे १० बाय ६ फूट बांधतात, घनफळ तेच भरते. तळाला शेणपाण्याचा सडा घालावा; मग सहा इंच काडीकचरा, त्यावर चार-पाच किलो शेण सव्वाशे लिटर पाण्यात कालवून शिंपडावे, त्यावर चाळलेली कोरडी माती पन्नास-साठ किलो, असे एकावर एक थर रचीत जावे. टाकी काठाच्यावर दीड फुटापर्यंत झोपडीच्या छपरासारखी भरून शेणमातीने लिंपून टाकावी. हे सारे एक-दोन दिवसांत उरकले पाहिजे. रोज मूठमूठ टाकून ही टाकी साधत नाही. पंधरावीस दिवसांनी भर आठ-नऊ इंच खाली बसते, तेव्हा पुन्हा थर देऊन लिंपावे. भेगा पडल्या तर त्या शेणकाल्याने बुजवाव्यात आणि ओल मोडू देऊ नये. ९० ते १२० दिवसांत सुमारे तीन टन खत हाती येते. त्यासाठी शेण लागते ते जेमतेम शंभर किलो, म्हणजे एका जनावराचे आठ-दहा दिवसांचे. म्हणीतील बारा वर्षे या गृहस्थाने चार महिन्यांवर आणली!

त्यांच्या गौरवाचे स्वरूप पाहा. नाडेप हा शब्द आज सामान्यनाम होऊन बसला आहे. शेतकरी 'नाडेप बांधला', 'नाडेप भरला' असे सहज बोलतो, आणि हे एका हाडामांसाच्या माणसाचे नाव होते हे बोलणाऱ्याच्या गावीही नसते. रोजगार हमीच्या कामांच्या यादीत ही टाकी आली, कृषी खात्याच्या पत्रकांत आली, अन्य राज्यांतही गेली. शाल-श्रीफळ पुष्कळांना मिळते. खत करणाऱ्याचे नाव विटामातीच्या वस्तूस चिकटावे आणि ते घराघरांत वापरले जावे, ही कदर निराळीच होय.

कोकणात कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैलाखताचा प्रयोग याहून कठीण परिस्थितीत केला. ज्या कामाचा विटाळ मानला जाई ते त्यांनी स्वतःच्या हातांनी केले. त्यावर स्वतंत्र व्याख्यानच द्यावे लागेल.

आता आपल्या जमिनीकडे वळतो. आपली काळी जमीन काळ्या पाषाणापासून झालेली, चिकण व ओल धरणारी आहे. तिच्यात पोटॅश चांगले असते. नत्र व सेंद्रिय कर्ब मात्र कमी. चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या उन्हाळ्यात मातीतील सेंद्रिय अंश झपाट्याने जळून जातो, म्हणून तो दरवर्षी परत करावा लागतो. पूर्वी ही परतफेड आपोआप होत असे. ज्वारीचा कडबा जनावरांच्या पोटात जाई, त्याचे शेण उकिरड्यावर पडे, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस गाडीने शेतात येई. खरिपात सोयाबीन आले, ज्वारीचे क्षेत्र आक्रसले, कडबा कमी झाला, बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, आणि हे चक्र मध्येच तुटले. जमिनीतून घेणे चालूच आहे. देणे मात्र पोत्यातील रासायनिक खतापुरते उरले. त्या पोत्यात नत्र असते, कर्ब जवळजवळ नसतोच.

आणि याच काळात आपण धसकटे, पऱ्हाट्या व पालापाचोळा यांना काडी लावतो. कपाशीच्या पऱ्हाट्यांबाबत शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. शेंदरी बोंडअळीचा मुक्काम राहू नये म्हणून त्या शेतातून काढाव्याच लागतात, आणि त्या टणक असल्याने लवकर कुजत नाहीत. बारीक तुकडे करणारे यंत्र एखाद्या गटाने किंवा पंचायतीने उपलब्ध करून दिले तरच तेथे जाळण्याला पर्याय मिळेल. नुसत्या उपदेशाने नाही. पण शाळेच्या आवारातील कडूनिंबाचा पाला, कचेरीपुढील पिंपळाची पाने, मंदिरातील निर्माल्य जाळण्यास कोणते कारण सांगता येईल? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली व साध्या प्रसंगासही पाच हजार रुपयांचा दंड ठरविला. तरी पानगळ सुरू झाली की सकाळच्या वेळी धूर दिसतोच, आणि तो पुष्कळदा आपल्यासारख्या सुशिक्षितांच्या आवारातून निघत असतो, हे खेदाने नमूद करावे लागते.

स्वच्छतेच्या स्पर्धांविषयी मला वावडे नाही. संत गाडगेबाबांच्या नावाने २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाने गावोगाव केवढा उत्साह निर्माण केला, हे आपण पाहिले आहे. परंतु स्वच्छ म्हणजे उघडे-बोडके, असा अर्थ आपण तपासणीच्या घाईत करून बसतो. पथक येणार म्हणून कुंपणाची झुडपे छाटली जातात, अर्धवट कुजलेला ढीग ट्रॅक्टरमध्ये भरून गावाबाहेर नेऊन पेटविला जातो, आणि ज्याने तो चार महिने राखला तो बिचारा पाहत राहतो. त्याला अपराध्यासारखे उभे करून आपण गुण मिळवितो. गाडगेबाबांनी कीर्तनापूर्वी गाव झाडले ते घाण दूर व्हावी म्हणून. खताला त्यांनी घाण म्हटले असेल, हे मला पटत नाही.

खताच्या जागेभोवती रान का माजते, याचे कारण सरळ आहे. खतातून भोपळा, पपई, दोडका आपोआप उगवतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून कडूनिंब, बोर येते. ओल असते, सावली होते, मग घोळ, तांदुळजा, पाथरी, आघाडा यांना पाय रोवता येतो. पाथरीच्या भाजीचे व आपल्या पाथरी तालुक्याचे नाव एकच, याचे मुलांना मोठे कौतुक वाटते. शिक्षकांनी या निमित्ताने वर्ग परसात न्यावा. दाट झुडपांत भारद्वाज वावरतो, कुंपणाच्या फुलांवर मधमाश्या येतात, आणि त्या पुढे शेजारच्या वेलींची फळधारणा वाढवितात. कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवात ज्या भाज्यांपुढे आपण कौतुकाने उभे राहतो त्यांतल्या कितीतरी या रानबागेत फुकट उगवलेल्या असतात.

शेजाऱ्यांचे आक्षेप मात्र झिडकारू नयेत. साप, डास, वास या तिन्ही गोष्टींची भीती खरी असते. डास होतात ते साचलेल्या पाण्यात, म्हणजे टायरांत, फुटक्या डब्यांत, तुंबलेल्या नालीत; नीट लिंपलेल्या टाकीत नव्हे. वास येतो तो ओले खरकटे उघडे टाकल्याने, किंवा ढिगात पाणी फार होऊन हवा कोंडल्याने. कोरडी माती व पाला वरून घातला की तो थांबतो. सापाच्या बाबतीत घराच्या दाराशी व मुलांच्या वाटेवर चार-पाच हात जागा मोकळी ठेवावी, दगडविटांचे ढीग भिंतीलगत रचू नयेत, रान असेल ते मागच्या कोपऱ्यात असावे. आणि गाजर गवताला रानबाग म्हणून मुळीच आसरा देऊ नये. १९५० च्या दशकात पुण्याजवळ आढळलेले हे उपटसुंभ आज बांधाबांधावर पोचले आहे. ते फुलण्यापूर्वी हातमोजे घालून उपटावे व तेव्हाच कंपोस्टात घालावे. फुलल्यावर घातले तर बियाणे आपणच पेरल्यासारखे होईल. ज्या गृहस्थाला एवढा विवेक नाही त्याची बाजू मी घेणार नाही.

राहता राहिली कदर. अशा माणसाला व्यासपीठावर बोलावून हार घातला तर त्याला संकोच होईल, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे कुंपण पूर्वीइतकेच उघड्यावर असेल. त्याला हवे असते ते निराळे. शाळेने आपला पाला पोत्यात भरून त्याच्या फाटकाशी पोचवावा, प्लास्टिक, काच व बॅटऱ्या निवडून. भाजीबाजाराच्या दिवशी उरणारा हिरवा कचरा ग्रामपंचायतीच्या गाडीने त्याच्याकडे जावा. तपासणीच्या आदल्या दिवशी सरपंचांनी स्वतः जाऊन सांगावे की, ही टाकी व हा कोपरा आपल्या पाहणीचा भाग आहे, लपविण्याची वस्तू नव्हे. ग्रामसभेने तसा ठराव केला तर पुढचे सरपंचही ते पाळतील. अधिकाऱ्यांना माझी विनंती अशी की, गावभेटीत रस्त्यानंतर व नळानंतर, वेळ उरला तर नव्हे, वेळ काढून, ते परस पाहावे आणि मूठभर खत हातात घेऊन त्याचा वास घ्यावा. उत्तम कुजलेल्या खताला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. दुर्गंधी आली तर काम अपुरे आहे, हे सांगण्यास अहवालाची गरज नाही.

माघ-फाल्गुनात कडूनिंब व पिंपळ पाने टाकतील. ज्या गावात टाकी नसेल तेथे तोपर्यंत विटा, माती व जागा निश्चित होण्यास पुरेसा अवधी आहे. ज्या गावात असा एखादा गृहस्थ अगोदरच आहे, तेथे सदस्यांनी या आठवड्यात त्याच्याकडे एकदा चक्कर टाकून त्याला कशाची गरज आहे ते विचारावे.