जांभळाचा रंग आणि स्मृतीचे रक्षण



धर्मकार्याच्या आरंभी संकल्प सोडताना ज्या जंबुद्वीपाचा उच्चार होतो, त्याचे नाव जांभळाच्या वृक्षावरून आले आहे. तेच जांभूळ आज रस्त्याकडेला गळून पायदळी जाते आणि सुखवस्तू घरांत परदेशी ब्लूबेरीची महागडी डबी येते. वस्तुतः दोन्ही फळांचा रंग अँथोसायनिन या एकाच कुळातील रंगद्रव्यांचा आहे. कोकमाची लालीही त्याच कुळातली.

या रंगांचा मेंदूशी संबंध काय? मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो. या क्रियेत उपद्रवी रेणू निर्माण होतात आणि मेदद्रव्यांनी संपन्न अशा मेंदूपेशींना त्यांचा उपसर्ग लवकर पोहोचतो. वयाबरोबर ही झीज वाढते. अँथोसायनिने तिला आवर घालतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

१९९९ साली बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात जेम्स जोसेफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्ध उंदरांना आठ आठवडे ब्लूबेरीचा अर्क दिला; त्यांची स्मरणशक्ती व हालचाल सुधारली. २०१२ साली अमेरिकेतील १६ हजारांहून अधिक वयस्क परिचारिकांच्या अभ्यासात, ब्लूबेरी व स्ट्रॉबेरी अधिक खाणाऱ्या स्त्रियांची बौद्धिक घसरण अडीच वर्षांपर्यंत लांबलेली आढळली.

तथापि यावरून जांभूळ हे स्मृतिभ्रंशाचे औषध ठरत नाही. आहार आणि आरोग्य सोबत आढळले म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध झाला, असे नव्हे. ‘हमखास स्मरणशक्ती’ विकणाऱ्या जाहिरातींपासून म्हणूनच सावध असावे. स्वदेशीचा अभिमान खरा असेल, तर त्याने विज्ञानाच्या कसोटीला भिऊ नये.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. त्यांतील प्रत्येकामागे एक कुटुंब आहे. स्वतःच्याच मुलाला न ओळखणारी माता आहे. म्हणून बहाडोलीचे जांभूळ आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम यांवर आपल्याच विद्यापीठांनी मानवी चाचण्या हाती घ्याव्यात. तोवर ऋतूतील फळे ताजी खावीत, सरबतात साखर व आमसुलात मीठ बेताने असावे आणि रस्तारुंदीकरणात पडणाऱ्या प्रत्येक जांभळाच्या जागी नवे रोप लावून ते जगवावे. पूर्वजांनी ज्या वृक्षाचे नाव भूमीला दिले, तो निदान अंगणात तरी उरावा.