नकाशावरची सही



पुण्यात इंजिनिअर झालेला एक तरुण १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाला आणि लवकरच खान्देशात आला. पांझरेच्या खोऱ्यात सायफन बांधण्याचं काम त्याच्यावर सोपवलं होतं. ते होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांच्या कामामागे सरकारी खातं उभं होतं. आज तुम्ही जळगावात किंवा धुळ्याच्या देवपुरात घर बांधायला काढता, तेव्हा तुमच्या इंजिनिअरची जबाबदारी कोण घेतं?

डॉक्टरांची नोंद मेडिकल कौन्सिलकडे असते, वकिलांची बार कौन्सिलकडे. आर्किटेक्टसाठी १९७२चा कायदा आहे. सिव्हिल इंजिनिअरसाठी मात्र असा देशव्यापी कायदा नाही, आणि ही उणीव मला फार गंभीर वाटते. पदवी विद्यापीठ देतं. घराच्या नकाशावर सही करण्याचा परवाना महापालिका, नगरपालिका देते. डिसेंबर २०२०मध्ये आलेल्या राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सुपरवायझर यांची पात्रता आणि कामाची मर्यादा वेगवेगळी सांगितली आहे. परवाना माणसाच्या नावावर असतो. दुकानावरच्या 'कन्स्ट्रक्शन' अशा पाटीला तो मिळत नाही.

लोकांची गफलत इथेच होते. गुमास्ता, जीएसटी, सार्वजनिक बांधकाम विभागाची ठेकेदार म्हणून नोंदणी, एवढे कागद पाहिले की आपण निर्धास्त होतो. ठेकेदाराची नोंदणी सरकारी कामं घेण्यासाठी असते. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून होणारी नोंदणीही तशीच. नव्या मुलांना छोटी सरकारी कामं मिळावीत म्हणून ती योजना आहे, आणि चांगली आहे. पण यातल्या कुठल्याही कागदावर तुमच्या घराचा कॉलम किती जाडीचा, हे ठरवण्याचा अधिकार मिळत नाही.

मंजूर नकाशा घ्या आणि त्याच्या कोपऱ्यात पाहा. मालकाची सही, तांत्रिक माणसाची सही, शिक्का, परवाना क्रमांक. पुष्कळदा ही सही एकाची असते आणि काम दुसराच पाहतो. सही करणाऱ्यानं खड्डा पाहिलेलासुद्धा नसतो. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत पाया पक्क्या मुरमापर्यंत गेला की नाही, हे काँक्रीट पडण्याआधी खड्ड्यात उतरूनच कळतं. मिस्तरी 'चार फूट बस झालं' म्हणाला, की त्याला थांबवणारा माणूस तिथे हवा. भूकंपही आपल्याला अगदीच परका नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा धक्का बसला होता.

म्हणून विसार देण्याआधी परवान्याची झेरॉक्स मागा. मुदत पाहा. नगररचना विभागात जाऊन नाव आणि क्रमांक जुळवून घ्या. त्यात इंजिनिअरचा अपमान नाही. ज्याची सही आहे, त्यानं खड्डा उघडा असताना, जोतं झाल्यावर आणि स्लॅबचं लोखंड बांधून झाल्यावर स्वतः यायचं, असं आधीच लिहून घ्या.

आणि जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या माझ्या तरुण मित्रांनो, हजार-दोन हजारांसाठी तुमची सही भाड्यानं देऊ नका. जे काम तुम्ही पाहिलं नाही, त्याच्या नकाशावर सही करू नका.