पऱ्हे आणि बांधी



जुने सोडल्याखेरीज माणूस वाढत नाही, असे आपण सहज बोलून जातो. पण नेमके काय सोडावे, येथे आपली गल्लत होते. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला गोंदिया जिल्हा धानाचा. येथील शेतकऱ्याला हा प्रश्न दर पावसाळ्यात सोडवावा लागतो. दाट पेरलेले पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे झाले की तो उपटतो आणि चिखल केलेल्या बांधीत रोवतो. उपटताना काही मुळे तुटतात, रोप चार दिवस पिवळे पडते. मग नवी मुळे धरतात, फुटवे येतात. दया येऊन पऱ्हे तिथेच फार दिवस ठेवले, तर पुढे फुटवे कमी येतात.

निवृत्तीनंतर आम्हीही जुन्या मानाला असेच चिकटून बसलो होतो. तरुणांना सल्ले पुष्कळ दिले. स्वतः नवे अक्षर शिकलो नाही. ती वर्षे वाया गेली.

म्हणून मूळ टाकू नये, वाफा सोडावा. संस्कार बरोबर न्यावेत, मानाची जागा मागे ठेवावी. चार दिवसांच्या पिवळेपणाला जो भितो, त्याच्या पदरी लोंबी पडत नाही.