भोकाचा पैसा



आज आपण पैशाविषयी बोलू. पैसा कसा मिळवावा, हे आम्ही सांगणार नाही. तो कसा वाचावा, हे सांगू.

जळगावकडे जा की धुळ्याकडे, जुन्या घरातल्या डब्यात एखादा भोकाचा पैसा सापडतो. पोरं तो करदोड्यात ओवत. या पैशाला भोक का पाडलं?

1939 साली मोठे युद्ध सुरू झाले. काडतुसांना तांबे लागे. तांबे टंचाईचे झाले. बाजारात मोड मिळेना. मग सरकारने 1943 साली हा पैसा काढला. जुन्या पैशापेक्षा याचे वजन निम्म्याहून कमी. मधे भोक, मग राजाचे तोंड कुठे मावणार? नुसता मुकुट राहिला.

समुद्रापलीकडे पूर्व आफ्रिकेत त्याआधी एकेकाळी आपलाच रुपया चाले. तिथे रुपयाचे शंभर सेंट केले होते, आणि काही सेंटांना असेच भोक होते.

आता विचार करा. पैशातले तांबे कमी झाले, तरी 64 पैशांचा रुपया तोच राहिला. रुपयाचेही तसेच. पूर्वी तो तोळाभर वजनाचा, बहुतेक चांदीचा. 1940 साली चांदी निम्म्यावर आली. 1947 साली तो निकेलचा झाला. आज स्टीलचा आहे. म्हणजे नाण्याची किंमत धातूत नाही. ती सरकारच्या शब्दात आणि लोकांच्या विश्वासात आहे.

विश्वास तुटला की नुकसान गरिबाचे. आजही कोणी म्हणतो, "हे दहाचं नाणं चालत नाही." भाजी विकून आलेली बाई काय करील? रिझर्व बँकेने 2018 साली स्पष्ट सांगितले आहे, की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि ते सगळे चालतात. हे ज्याला ठाऊक, तो फसत नाही.

वीस रुपयांचे नाणे हातात घ्या. त्याला बारा कडा आहेत. त्यावर धान्याचे चित्र आहे. ते आपल्या शेतीचे चित्र आहे.

आता आपल्याला आकडा वाचता येतो. नाणे उलटून पाहा, दोन्ही बाजू वाचा, आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.